सातवी स्लाइड

“सातवी स्लाइड आजच काढून टाका, मॅडम,” साहेब म्हणाले.

ती परवाना कार्यालयात कारकून होती. खालच्या हॉलमधल्या टीव्हीवर दिवसभर सूचना फिरत राहायच्या. कुठली खिडकी कशासाठी, कुठली कागदपत्रं जोडायची, साहेब कधी भेटतील. ते चालवायचं काम तिच्याकडे होतं. कॉम्प्युटर मात्र चौघांत एक. कुणी पत्र टाइप करायला बसलं की सूचना बंद व्हायच्या आणि खाली टीव्ही काळा पडायचा. कॉम्प्युटर मोकळा झाला रे झाला की ती हातातलं काम टाकून धावायची. डबासुद्धा तिथेच बसून खायची. सूचनांवर एवढा जीव कुणाचा नसतो, म्हणून सगळे हसायचे.

सूचना सहाच होत्या. सातवा तिचा धाकटा भाऊ होता. निळा शर्ट, कपाळावर आलेले केस. खाली ‘यांना कुठे पाहिलंत का?’ आणि तिचा फोन नंबर. दहा सेकंद.

आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. त्यानंतर महिनाभर तो घरात कुणाशी धड बोलला नाही, आणि एका सकाळी दोन शर्ट पिशवीत घालून निघून गेला. तिने पोलीस चौकीचे उंबरठे झिजवले. दवाखाने पाहिले, शवागारंही पाहिली. परवान्यासाठी शहरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी या हॉलमध्ये यावंच लागतं, एवढीच आशा उरली होती. पण फोन एकदाही आला नव्हता.

“दहाच सेकंद तर आहेत, साहेब.”

“वर्षभर मी काही बोललो का? पण आता लेखी तक्रार आलीय. पेटीत पडली होती. उद्या वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?”

“माझ्या भावाच्या फोटोचा एवढा त्रास झाला तरी कुणाला?” तिचा आवाज चढला. साहेबांसमोर असा तो कधी चढला नव्हता.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. अर्जाच्या कोऱ्या बाजूला घाईघाईत लिहिलेल्या दोन ओळी. सही नव्हती.

‘टीव्हीवरचा तो फोटो काढावा. त्या माणसाला कुणी शोधू नये, ही विनंती.’

तिने तो वाचला. मग पुन्हा वाचला. साहेबांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला, तो तसाच राहिला.

“काढते,” ती म्हणाली.

साहेबांच्या खोलीतून बाहेर येऊन तिने कॉम्प्युटरवर बसलेल्या टंकलेखिकेला उठवलं. स्लाइड निवडली, पुसली आणि सूचना पुन्हा सुरू केल्या. सहावीनंतर लगेच पहिली आली.

टंकलेखिका पाठीमागेच उभी होती. “साहेबांचं एवढं मुकाट्याने ऐकलंत, ताई?”

“साहेबांचं नाही,” ती म्हणाली. “त्या तक्रारीवरचं अक्षर माझ्या भावाचं आहे.”