आईबापांची उंची

“मुलींचं झालं. आता आईबाप भिंतीला लागा,” कोच म्हणाला आणि त्याने खिशातून खडू काढला.

हॉलमध्ये जमलेल्या पालकांमध्ये हशा पिकला. कोच हसला नाही. या वयात मुली भराभर वाढतात आणि एके दिवशी थांबतात. हायस्कूलच्या बास्केटबॉल संघासाठी ज्यांना तो तीन वर्षं घडवणार होता, त्या अजून किती वाढतील हे त्याला आज निवड करतानाच कळायला हवं होतं. ते आईबापांवरून कळतं, असं त्याचं म्हणणं. त्याने घडवलेल्या मुली दरवर्षी हायस्कूलच्या संघात जात, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

रांगेतल्या एका मुलीची आई नवऱ्याच्या मागे सरकली. ती टेलरच्या दुकानात शिलाई मारायची, नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जोडा अगदी शोभून दिसतो असं लोक म्हणत, कारण दोघंही सारखीच ठेंगणी. लेक मात्र आत्ताच बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची. पाळण्यात होती तेव्हा तिला त्यांनी अनाथाश्रमातून घरी आणलं होतं, आणि हे तिला सांगायचं आज नको, उद्या नको करता करता ती तेरा वर्षांची झाली होती. कोणावर गेली गं ही, असं कोणी विचारलं की आई ठोकून द्यायची, “माझ्या आजीवर. आजी दारातून वाकून आत यायची.” बिचाऱ्या आजीचा हात खरं तर खुंटीलासुद्धा पोचत नसे.

“चपला काढा. टाचा भिंतीला.”

आधी नवरा उभा राहिला, मग ती. कोचने डोक्यावर लाकडी पट्टी टेकवून रेघ मारली. खडूचा भुगा तिच्या केसांत पडला. त्या मोठ्या हॉलमध्ये खडूचा आवाजसुद्धा घुमत होता. कोच दोन पावलं मागे सरला, त्याने दोन्ही रेघांकडे बघितलं, मग लेकीकडे. सकाळपासून तिने मैदान गाजवलं होतं. तिचा एक चेंडू वाया जात नव्हता, आणि इतर मुलींच्या आयासुद्धा आपली पोर सोडून तिच्याकडेच बघत बसल्या होत्या.

“घरात कोणी उंच?” कोचने विचारलं.

“आईची आजी!” लेक पटकन म्हणाली. “ती दारातून वाकून यायची, सर. मी तिच्यावर गेलेय.”

“पणजी मी धरत नाही. आई आणि बाप, बस.”

लेकीने आईकडे बघितलं. काहीतरी बोल ना, असं त्या डोळ्यांत इतकं स्पष्ट होतं की आईने मान वळवली. तेवढ्यात नवरा पुढे झाला. आयुष्यात कधी कोणापुढे आवाज न चढवलेला माणूस, पण आज त्याचा चेहरा लाल झाला होता.

“सर, एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची होती. जरा बाजूला याल?”

“रांग बघताय ना मागे? काय असेल ते इथंच बोला.”

नवऱ्याने तोंड उघडलं. आईने त्याची बाही घट्ट धरली. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि लेक आत गेली असती. आणि तेच वाक्य लेकीनेही ऐकलं असतं, इथं, सगळ्यांच्या देखत, पायात चप्पल नसलेल्या बापाच्या तोंडून.

“काही नाही, सर,” आई म्हणाली. “पोरगी मेहनती आहे, एवढंच सांगायचंय त्यांना.”

“ते दिसलं मला. उंची मेहनतीने येत नाही.” मग तो लेकीकडे वळला आणि त्याचा आवाज जरा मऊ झाला. “हात चांगला बसलाय तुझा, बेटा. पण तुझी वाढ संपली आता. तीन वर्षांनी सगळ्या तुझ्या डोक्यावरून बास्केट टाकतील. चला, पुढचे या.”

पुढे आला तो बाप भिंतीवरच्या सगळ्या रेघांच्या वर जाऊन उभा राहिला. त्याच्या मुलीच्या हातात सकाळभर चेंडू टिकला नव्हता. कोचने तिला आत जायची खूण केली. ती बावरून बापाकडे बघत राहिली.

घरी जाताना लेक पुढे, आई मध्ये, आणि नवरा लेकीच्या बुटांची पिशवी घेऊन मागे. कोपऱ्यावरचं वळण आलं. मग लेक गर्रकन वळली. डोळे कोरडे होते, आवाज मात्र ओला होता.

“आजीवर गेली, आजीवर गेली! खोटं सांगत होतीस. मी तुझ्यावरच गेलेय. सगळं जग सोडून तुझ्यावरच जायचं होतं मला?”

आई जागच्या जागी थांबली. हे एवढं एक वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायला इतकी वर्षं तिचे कान आसुसले होते. ऐकलं आणि तिला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली. आता तरी सांग, असं नवरा मागून डोळ्यांनी विनवत होता.

“हो गं,” ती म्हणाली. “माझ्यावरच गेलीस.”

लेकीने पाठ फिरवली.

घरासमोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी होती, आईला कपडे सहज टाकता यावेत म्हणून तिच्या डोक्याच्या जेमतेम वर बांधलेली. आईवडील दोरीखालून ताठ मानेने पलीकडे गेले. त्यांच्या मागून लेक आली आणि रोजच्या सवयीने, वर न बघताच, मान वाकवून आत शिरली.