वाळुंजीची टेकडी

“तुझ्या बापानं तुला जमिनीवरून उचललं नाही हं! मी दारातच उभी होते.” शेजारच्या तितिनियाचा तो आवाज वेत्तियाच्या कानात पंचवीस वर्षं घुमत होता.

रोमची रीतच तशी. बाळ जमिनीवर ठेवायचं. बापानं उचललं तर ते घरचं, नाहीतर उघड्यावर टाकून द्यायचं.

आज विमिनल टेकडीवरचं घर रिकामं होत होतं. मालकाला इथं चार मजले चढवायचे होते. उताराखाली तिचा नवरा खेचर धरून उभा होता. ओस्तियाच्या बंदरात टोपल्यांना मागणी होती, म्हणून ते तिकडे राहायला निघाले होते. खेचरावर एकाचीच जागा. तिथं वेत्तियानं टोपल्या विणायच्या, वाळुंजीच्या झाडाच्या लवचीक फोकांच्या मोळ्या लादायच्या ठरवल्या होत्या. पाय लुळे पडलेल्या बापाला, न्युमेरिअसला, ती शेजाऱ्यांकडे ठेवून जाणार होती. त्याला अजून सांगितलं नव्हतं.

म्हातारा उंबऱ्यात बसून दुरडी विणत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडत होता.

“म्हणे देवाच्या वेदीवरून टेकडीला नाव पडलं! अरे, वेदी काल आली. विमिनल म्हणजे वाळुंजीची टेकडी. त्या घळीत राई होती राई, माणूस हरवेल अशी!”

“बाबा, पुरे. रोज तेच दळण.”

“खोटं नाव लागू देऊ? माझ्या डोळ्यांनी पाहिलीय ती राई, पोरी.” तो घळीकडे बघत राहिला.

वेत्तियानं मोळी आवळली. गाठ सुटली. पुन्हा आवळली. मग तिच्या तोंडून निघूनच गेलं.

“बाबा, मला जमिनीवरून का नाही उचललंत? मुलगी म्हणून?”

म्हाताऱ्याचे हात थांबले. “कोण म्हणालं?”

“तितिनियामावशी.”

“मेली बिचारी. जीभ तेवढी मागं ठेवून गेली.” तो हसला. “सापडलेल्या पोरावर कुणीही उठून दासी म्हणून हक्क सांगतो. म्हणून कुणापाशी बोललो नाही. तुझ्यापाशीसुद्धा.”

“सापडलेल्या?”

“त्या दिवशी आपल्या घरात कुणी जन्मलंच नव्हतं गं. राईत फोक तोडायला गेलो, तर तू रडत होतीस. चढभर छातीशी धरून आणली. तुझी आई म्हणाली, रीत आहे, जमिनीवर ठेवा आणि उचला.” त्यानं डोळे पुसले. “एकदा टाकलेलं लेकरू पुन्हा जमिनीवर ठेवायला माझे हात धजले नाहीत.”