पंच क्रमांक दोन

मंत्र्यांचा दौरा उद्यावर आला होता, म्हणून हवालदार माझ्या छपाईच्या दुकानातून मोर्चाचे सदतीस काळे टी-शर्ट जप्त करत होते. छातीवर तीन पायांची खुर्ची आणि खाली ओळ: ‘घाबरतंय कोण? आम्ही नाही!’ माझी चार दिवसांची मेहनत गोणीत चालली होती.

पंच म्हणून समोरचा फुलवाला आणि शेजारचे शिंपी दस्तगीरचाचा आले. पंचनामा लिहून झाला की तो पंचांना वाचून दाखवावा लागतो. हवालदार पुटपुटत वाचू लागले. चाचांनी कानामागे हात धरला.

“मोठ्यानं वाचा साहेब. ऐकू आल्याशिवाय सही कशी करू?”

हवालदार दारात उजेडाला उभे राहिले आणि खड्या आवाजात वाचू लागले. प्रत्येक मापाची नोंद वेगळी आणि प्रत्येक नोंदीत ती ओळ पुन्हा. मीडियमपर्यंत भाजीवाल्या उठून आल्या. लार्जला रस्ता अडला. एक्स्ट्रा लार्जला हवालदार “घाबरतंय कोण?” म्हणून श्वास घ्यायला थांबले, तर अख्खा बाजार ओरडला, “आम्ही नाही!”

सह्या झाल्या. गोणीला लाखेचं सील लागलं. चाचा निघाले. हवालदार स्टुलावर बसून घाम पुसत ओठांतल्या ओठांत म्हणाले, “आता चहा हवा.”

“साखर किती?” पायऱ्या उतरता उतरता चाचांनी मागे न बघता विचारलं.

हवालदारांनी त्यांच्या पाठीकडे बघितलं.

“बिनसाखरेचा,” ते म्हणाले. तितक्याच हळू.