चोख हजेरी

दवाखान्यात सेवेला येणाऱ्या विद्यार्थ्यांची हजेरी दोन वर्षं तिनेच ठेवली. कोण किती वाजता आलं, कुणी पेशंटची चाकाची खुर्ची ढकलली, कोण बाकावर बसून नुसत्या जांभया देत होतं, सगळं तिने मिनिटागणिक लिहिलं. "कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजतेस?" आई कुरकुरायची. ती म्हणायची, "अगं, कॉलेजच्या अर्जाला सेवेचं प्रमाणपत्र लागतं."

अर्जाची मुदत उद्यावर आली, तेव्हा दवाखान्यातल्या नव्या साहेबांनी ते रजिस्टर दोनदा चाळलं. सगळ्यांची नावं होती, तिचं नव्हतं. दुसऱ्यांची हजेरी मांडताना स्वतःची मांडायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सर, हे रजिस्टर मीच लिहिलंय. अक्षर जुळवून बघा ना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. जांभया देणारी शेजारीच उभी राहून आपल्या प्रमाणपत्राची सुरळी करत होती.

साहेबांनी खरंच अक्षर जुळवलं आणि मान डोलावली.

 

"अक्षर तुझंच आहे. पण बाळा, इतकं चोख रजिस्टर मी आजवर पाहिलं नाही. यात नाव नाही म्हणजे तू आलीच नव्हतीस."