नर्सबाईंची मुलगी

डॉक्टरीणबाईंनी कालच्या ऑपरेशनचे फोटो मोबाइलवर उघडले आणि पलंगावरच्या पेशंटसमोर धरले. पेशंट कोर्टात लघुलेखिका होती. तिची आई पायथ्याशी उभी होती. ती एका शाळेत नर्स होती, गेली सत्तावीस वर्षं.

"हे अंडाशय, हे आतडं. एकमेकांना पार चिकटली होती, सोडवली आम्ही. आणि हे काळपट डाग आहेत ना, तेच एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी. तुमच्या गर्भाशयाबाहेर, पोटात सगळीकडे रुजल्यात."

"तिथे गेल्या कशा?" आईने विचारलं.

"पाळीचं थोडं रक्त उलटं पोटात जातं. बहुतेक बायकांचं जातं. पण शरीराच्या रक्षक पेशी ते साफ करून टाकतात. यांच्या रक्षक पेशी तिथे पोचतात, पण साफ काही करत नाहीत. नुसती गर्दी करतात, सूज वाढवतात. त्या सुजेवर हे आणखी पोसलं जातं."

"म्हणजे त्यांना दिसतच नाही?" लघुलेखिका म्हणाली.

"पोचतात, म्हणजे सुगावा तर लागतो. पुढे का बिघडतं, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही." डॉक्टरीणबाईंनी मोबाइल खिशात टाकला. "कधीपासून दुखतंय?"

"तेराव्या वर्षापासून."

"आता छत्तीस. इतकी वर्षं काय करत होतात?"

आई सलाइनची नळी सरळ करू लागली. नळी सरळच होती.

"गोळ्या घेत होते," लघुलेखिका म्हणाली.

डॉक्टरीणबाई पुढच्या पलंगाकडे गेल्या.

"मला काय स्वप्न पडलं होतं?" आई हळूच म्हणाली. "महिन्याला दहा पोरी पोट धरून यायच्या माझ्याकडे."

"त्यांना तू पलंगावर निजवायचीस. गरम पाण्याची पिशवी द्यायचीस. मला म्हणायचीस, 'ऊठ, नाटकं पुरेत. नर्सबाईंची पोर म्हणून लाड चाललेत म्हणतील लोक.'" तिच्या आवाजात राग नव्हता. कोर्टात साक्ष वाचून दाखवावी तशी तिने ती वाक्यं म्हटली, शब्दाला शब्द.

"म्हणालेच असते लोक."

"म्हणू द्यायचं होतंस."

आई स्टुलावर बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माझंही असंच दुखायचं," ती म्हणाली. "कमरेत कुणी सुरी फिरवतंय असं. उभ्याने ड्यूटी केली मी. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वाटलं, तू माझ्यावर गेलीस, तूही काढशील."

लघुलेखिकेने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "हे तू मला आज सांगतेस?"

आईचा फोन वाजला. शाळेतून शिपाईबाई बोलत होत्या.

"कितवीतली?... उलटी झाली?... दर महिन्याला होतं का विचार तिला." आई उठून उभी राहिली होती. "छे छे, वर्गात नाही पाठवायचं. निजू दे. पिशवी कपाटात, खालच्या खणात आहे. तिच्या आईला बोलावून घे, आणि मी येईपर्यंत थांबवून ठेव. नुसत्या गोळीवर भागायचं नाही म्हणावं, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं... कोण, मुख्याध्यापक? म्हणू देत काय म्हणायचं ते."

तिने फोन ठेवला, पर्स खांद्याला अडकवली आणि मग कुठे तिला पलंगाची आठवण झाली.

"तासाभरात येते. जाऊ ना?"

"जा."

आई जवळजवळ पळतच गेली. गुडघे दुखतात म्हणून ती एरवी जिनासुद्धा धरून धरून उतरायची.

बरं झालं, लघुलेखिकेने स्वतःला सांगितलं. कुणाची का पोर असेना, सुटेल. मग ती कुशीवर वळायला गेली. टाके ओढले गेले, म्हणून तशीच उताणी पडून राहिली. जिचं नावही ठाऊक नव्हतं, त्या पोरीचा तिला इतका हेवा वाटला, की शेजारच्या पलंगावरून कुणी पाहू नये म्हणून तिने चादर तोंडावर ओढून घेतली.