निळा पडदा

शेजारच्या रानाचा मालक, म्हातारा वेंडेल क्रौस, नोंदी घेणाऱ्या गाडीच्या पायऱ्या चढताना दिसला, तसा रस हॅगर्टी आत पडद्यासमोर बसलेल्या मार्लीनाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. रस म्हणजे तेलविहिरीवरचा कंपनीचा मुख्य माणूस. गालात तंबाखू, हातात थुंकायचा कागदी पेला.

"लालचा आकडा वाढव. म्हातारा येतोय."

तेलासाठी पंपाने दाबाचं पाणी सोडून इथे जमिनीखालचा खडक फोडत होते. वेंडेलच्या कुंपणालगत खोल पुरलेली काचेची तार खडकाला गेलेला तडा ऐकत होती. पडद्यावर शांत तिथे निळा रंग उमटे, ताण तिथे लाल. किती ताणाला लाल म्हणायचं, तो आकडा मात्र हातानेच भरायचा. सकाळपासून कुंपणाखालचा सगळा पट्टा लाल होता.

"पंप थांबवा म्हणून दोनदा सांगितलं मी," मार्लीना म्हणाली.

"ऐकलं ना. मिडलंडच्या मुख्य कचेरीला कळवलंय, खडक फोडायचे उरलेले दोन टप्पे आजच उरकतो म्हणून. आता हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्याने पेल्यात पिंक टाकली.

तिने आकडा वाढवला. पडदा निळाशार झाला. खाली खडक फाटायचा तो फाटतच होता. तिला स्वतःच्या बोटांची किळस आली.

वेंडेल टोपी काढून आत आला. "सकाळी हौदातल्या पाण्याला रॉकेलसारखा वास आला. गुरं अडवून धरलीत, पण या उन्हात किती वेळ अडवणार? तुमचा तडा माझ्या रानात शिरलाय का, तेवढं सांगा."

"तुम्हीच बघा की," रस म्हणाला. "सगळं निळं. वास तुमच्या जुन्या मोटरचा असणार." एवढं खोटं बोलून वर त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हातही ठेवला. शी.

वेंडेलचा चेहरा सैलावला. त्याने लगेच बायकोला फोन लावला. "अर्लीन, सोड गुरं पाण्यावर."

मार्लीनाने आकडा परत आधी होता तिथे आणला. पडदा काठोकाठ लाल झाला. रसचा हात खांद्यावरच राहिला.

वेंडेलने पडद्याकडे बोट केलं. "हे आत्ता झालं?"

"नाही काका. सकाळपासून आहे. आधी गुरं अडवा."

"अर्लीन, फाटक लाव. लाव आधी."

फोनमधलं तिचं बोलणं तिघांनाही स्वच्छ ऐकू आलं. "आता कसलं फाटक, वेंडेल? सगळी तोंडं घालून उभी आहेत. घटाघटा पाणी ओढताहेत."