चार फुटी टाकी

"चार फुटी टाकी आहे. दोन जोड्या सुखाने राहतील," म्हणत अप्पांनी धाकट्या मुलाची क्लाउनफिशची जोडी आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडली. भावाभावांत रोज खटके उडत, म्हणून धाकटा वेगळं बिऱ्हाड थाटायला निघाला होता. मासे एकत्र नांदले तर मुलांनाही समजावता येईल, अशी अप्पांची भाबडी आशा.

अप्पांच्या जुन्या जोडीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली होती, त्याकडे त्यांनी काणाडोळा केला.

जुनी मादी दिवसभर नव्या मादीवर धावून जात राहिली. "होईल सवय," अप्पा म्हणत राहिले. संध्याकाळी धाकट्या सुनेने कोपऱ्यातली मेलेली मादी जाळीने उचलली. शेपटीच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. तिचा नर त्या रिकाम्या कोपऱ्यातच घुटमळत होता.

"अंडी असली की ते कोणालाच जवळ येऊ देत नाहीत. तुम्हीच शिकवलंत ना, अप्पा?" सून म्हणाली.

अप्पांनी तो उरलेला नर टाकीतल्याच पाण्यासकट बरणीत काढून तिच्या हातात दिला. मग धाकट्याचं सामान भरायला स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग स्वतःच खाली उतरवली.